छात्राध्यापकाचा दिवस आणि सजगतेचा सराव

शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुण-तरुणींना बी.एड.च्या दोन वर्षांत पाठ टाचण कसे काढावे, फलकलेखन कसे करावे, प्रश्न कसे विचारावेत आणि मूल्यमापनाची साधने कशी तयार करावीत हे बारकाईने शिकवले जाते. परंतु चाळीस-पन्नास मुलांसमोर उभे असताना स्वतःच्या मनात काय चालले आहे, छातीतली धडधड का वाढली आहे आणि एखाद्या मुलावर आवाज चढण्याच्या आधीच्या क्षणी शरीरात काय होते, हे ओळखण्याचे काम बहुधा ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेले असते. याच ओळखण्याला अलीकडच्या शैक्षणिक लेखनात सजगता म्हणतात. चालू क्षणी शरीरात, मनात आणि भोवताली जे घडत आहे त्याच्याकडे, त्याला लगेच चांगले किंवा वाईट न ठरवता, जाणीवपूर्वक लक्ष देण्याची ही क्षमता कमी-अधिक प्रमाणात प्रत्येकात असते आणि ती सरावाने वाढते, ही या शिक्षणामागची मूळ धारणा आहे. मुंबईच्या उपनगरांत राहून, लोकलने महाविद्यालयात आणि सरावाच्या शाळेत जाऊन शिक्षक होणाऱ्यांच्या बाबतीत या क्षमतेचा विचार करायचा, तर तो ध्यानकक्षातल्या शांततेपुरता मर्यादित ठेवता येत नाही, कारण त्यांच्या दिवसात तशी शांतता जवळजवळ नसतेच.

आश्चर्याची गोष्ट अशी की, रोजच्या संसारी माणसाला अशा साधना शिकवण्याचा आधुनिक इतिहास बराचसा याच उपनगरांतून गेलेला आहे. अंधेरीजवळच्या वर्सोव्यात, दादाभाई नौरोजींच्या समुद्रकाठच्या घरात, 25 डिसेंबर 1918 रोजी श्री योगेंद्र यांनी योग संस्था सुरू केली. संन्यास न घेता, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या सामान्य माणसाला योग शिकवायचा, हा तिचा हेतू होता आणि ही संस्था पुढे सांताक्रूझला स्थिरावली. बोरिवलीच्या पश्चिमेला, गोराई खाडीपलीकडे, सुमारे 325 फूट उंचीचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. 8 फेब्रुवारी 2009 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि एकाही आधारस्तंभाशिवाय दगडात दगड गुंतवून उभारलेल्या त्या सभागृहात सुमारे 8,000 माणसे एकत्र ध्यानाला बसू शकतात. ज्या परंपरेतून ही वास्तू उभी राहिली ती ब्रह्मदेशातून आली. रंगूनचे सयाजी ऊ बा खिन हे सरकारी हिशेब खात्याचे प्रमुख, म्हणजे महालेखापाल होते आणि आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी तिथेच ध्यानाची सोय केली होती. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका हे मंडालेत जन्मलेले उद्योजक 1969 साली भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मुंबईतील एका धर्मशाळेत त्यांनी मोजक्या साधकांसाठी भारतातले आपले पहिले शिबिर घेतले. हिशेबनीस, व्यापारी, गृहिणी अशांसाठी ही साधना आहे, हा तिचा आरंभापासूनचा सूर शिक्षकांच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो.

या परंपरेचा शालेय शिक्षणाशी थेट संबंध महाराष्ट्रात जोडला गेला तो मित्र उपक्रमामुळे. राज्याचा शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरीची विपश्यना विशोधन विन्यास ही संस्था यांनी मिळून 2012 च्या सुमारास हाती घेतलेल्या या उपक्रमात शाळेतील मुलांना सुमारे 70 मिनिटांच्या सत्रात आनापान शिकवायचे आणि नंतर शाळेत रोज दहा मिनिटे त्याचा सराव घ्यायचा, अशी मांडणी होती. आनापान म्हणजे नैसर्गिकपणे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे; प्राणायामात श्वास मुद्दाम लांबवला, रोखला किंवा सोडला जातो, इथे मात्र श्वास जसा आहे तसा, खोल असो की उथळ, नाकपुड्यांच्या दाराशी फक्त जाणायचा असतो. उपक्रमाची सर्वांत विचार करण्याजोगी अट मुलांविषयी नसून शिक्षकांविषयी होती: मुलांचा सराव घेणाऱ्या शिक्षकांनी स्वतः दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसावे, असे तीत अपेक्षित होते आणि त्यासाठी रजेची तरतूदही करण्यात आली होती. या शिबिरात पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहण्यात जातात, नंतर शरीरावरील संवेदनांचे निरीक्षण शिकवले जाते, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन असते, दिवसाला सुमारे दहा तास बैठक असते आणि शुल्क आकारले जात नाही. स्वतः न पोहणाऱ्याने दुसऱ्याला पोहणे शिकवू नये, इतकी साधी समज त्या अटीमागे होती.

सजगता हा शब्द आज ज्या अर्थाने शिक्षणक्षेत्रात वापरला जातो, त्याला आणखी एक वळण आहे. 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला. बौद्ध परंपरेतील सती, म्हणजे स्मृतियुक्त जागरूकता, त्यांनी धार्मिक परिभाषेपासून वेगळी काढून रुग्णालयात आणली: श्वासाकडे लक्ष, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवणे, सावकाश चालणे, एक बेदाणा पाहून, हुंगून, चावून खाणे अशा कृती रुग्णांना शिकवण्यात आल्या. आशियातील विहारांतून निघालेली ही साधना अशा रीतीने वैद्यकाच्या मार्गाने पुन्हा शाळा-महाविद्यालयांत पोहोचली. दिल्ली सरकारच्या शाळांत 2 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या हॅपीनेस अभ्यासक्रमात आणि महाराष्ट्रात 2022 मध्ये आलेल्या आनंददायी अभ्यासक्रमात सजगतेच्या कृतींना जागा मिळाली ती याच प्रवाहातून.

सरावात नेमके काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा शिक्षकी कामाशी असलेला संबंध कळत नाही. श्वासाकडे लक्ष द्यायला बसलेल्या माणसाचे मन काही क्षणांत दुसरीकडे जाते. सकाळचा राहिलेला डबा, उद्याचा पाठ, कोणाचे तरी बोचलेले बोलणे असे काहीबाही मनात येते. मग केव्हातरी लक्ष भरकटल्याचे ध्यानात येते आणि ते पुन्हा श्वासावर आणले जाते. नवशिक्यांना मन भरकटणे हे अपयश वाटते, पण शिकण्याचा गाभा त्याच्या पुढच्या क्षणात, भरकटल्याची जाणीव होऊन परत येण्यात आहे. मन भटकणे ही अपवादात्मक गोष्ट नाही: हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसातून वेगवेगळ्या वेळी मोबाइलवरून विचारपूस करता, लोकांचे मन सुमारे 47 टक्के वेळा हातातल्या कामाव्यतिरिक्त दुसरीकडेच असल्याचे आढळले होते. शिक्षकाचे मन वर्गातून निघून जाणे आणि त्याला ते कळणे यांच्यातले अंतर जितके कमी, तितका तो मुलांच्या समोर खऱ्या अर्थाने हजर असतो.

आता छात्राध्यापकाच्या, म्हणजे प्रशिक्षणार्थी शिक्षकाच्या दिवसाकडे पाहता येईल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात प्रत्यक्ष शाळांत घालवायचा काळ वाढून दोन वर्षांत मिळून किमान 20 आठवडे झाला. उपनगरांतील चित्र सर्वांच्या ओळखीचे आहे. मुलुंडची छात्राध्यापिका विद्याविहारच्या महाविद्यालयात जायला स्लो लोकल पकडते, छात्रसेवाकालात तिला अंधेरीची शाळा मिळाली तर घाटकोपरला उतरून मेट्रोच्या जिन्यावरची गर्दी पार करते, दुपारच्या अधिवेशनाचे तास संपवून परत निघते आणि घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशीचे टाचण लिहायला बसते; कित्येकजणी लग्न, मुले यांमुळे पडलेल्या खंडानंतर शिकायला आलेल्या असतात, तर कित्येकजण संध्याकाळी खासगी क्लासमध्ये शिकवून शिक्षणाचा खर्च भागवतात. अशा व्यक्तीला रोज पाऊण तास डोळे मिटून बसण्याचा सल्ला देणे म्हणजे तिच्या आधीच भरलेल्या यादीत आणखी एका न होणाऱ्या कामाची आणि त्याबरोबरच्या अपराधी भावनेची भर घालणे होय. म्हणूनच दैनंदिन जीवनासाठीचे सजगतेचे शिक्षण दिवसातल्या आधीच असलेल्या जागांमध्ये बसवावे लागते, आणि अशा जागा, शोधल्या तर, शिक्षक-प्रशिक्षणाच्या आतच पुष्कळ सापडतात.

त्यांतील सर्वांत सुपीक जागा सूक्ष्म अध्यापनाची आहे. अध्यापनाचे एखादेच कौशल्य, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे, प्रबलन देणे किंवा उद्दीपकात बदल करणे, घेऊन थोड्या सहाध्यायांसमोर छोटा पाठ द्यायचा, ही पद्धत 1960 च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली. भारतात रुळलेल्या तिच्या रूपात 6 मिनिटे पाठ, 6 मिनिटे प्रत्याभरण, 12 मिनिटे पुनर्नियोजन, 6 मिनिटे पुन्हा पाठ आणि 6 मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असे 36 मिनिटांचे चक्र असते. प्रत्याभरण म्हणजे पाहणाऱ्यांनी दिलेला अभिप्राय; आणि प्रत्येक छात्राध्यापकाला ठाऊक असते की, या चक्रातला सर्वांत अवघड भाग पाठ देण्याचा नसून मुकाट्याने ऐकून घेण्याचा असतो. फळ्याकडे तोंड करून बोललात, एकाच बाजूच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारलेत, उत्तर येण्याआधी स्वतःच सांगून टाकलेत, असे कोणी म्हणू लागले की कान गरम होतात, गळा दाटतो आणि मनात एकाच वेळी स्वतःचा बचाव आणि आपल्याला हे जमणारच नाही हा निकाल तयार होऊ लागतो. अभिप्रायातले उपयोगी वाक्य नेमके तेव्हाच ऐकायचे राहून जाते.

या ठिकाणी सजगतेचा सराव अक्षरशः एक मिनिटाचा असू शकतो. पाठ संपल्यावर आणि अभिप्राय सुरू होण्यापूर्वी सर्वांनी, म्हणजे पाठ देणाऱ्याने आणि पाहणाऱ्यांनीही, शांत बसून काही श्वास जाणावेत. अभिप्राय ऐकताना शरीरात कुठे ताण येतो ते पाठ देणाऱ्याने लक्षात घ्यावे. आणि पुनर्नियोजनाच्या 12 मिनिटांत कागदावर दोन स्तंभ करून, समोरच्याने प्रत्यक्ष काय म्हटले ते एका स्तंभात आणि त्यावर आपल्या मनाने काय जोडले ते दुसऱ्या स्तंभात लिहावे. पहिल्या स्तंभात बहुधा एखाद-दोन वाक्ये असतात आणि ती दुरुस्त करण्याजोगी असतात, तर दुसरा स्तंभ झपाट्याने भरत जातो. घटना आणि तिच्याविषयीचा मनातला निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सजगतेच्या अभ्यासातले मध्यवर्ती निरीक्षण इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसत असेल. सूक्ष्म अध्यापनाची वही सर्व महाविद्यालयांत आधीच असते. तिच्यात हे एक पान वाढवायला कोणत्याही निधीची गरज नाही.

दुसरी जागा प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या शांततेत आहे. अमेरिकन विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी 1970 च्या सुमारास वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवून दिले की, शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी केवळ एक सेकंदाच्या आसपास थांबतात आणि उत्तर न आल्यास तोच प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला की विद्यार्थ्यांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, गप्प राहणारी मुले बोलू लागतात आणि विद्यार्थी आपणहून प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद म्हणजे साधारण एका श्वासाचा काळ. नवशिक्या शिक्षकाला मात्र हे तीन सेकंद असह्य वाटतात, कारण वर्गातली शांतता त्याला स्वतःच्या अपयशाची खूण वाटते आणि मागच्या बाकावर निरीक्षणवही उघडून बसलेल्या प्राध्यापकांची आठवण ती अधिक तीव्र करते. त्यामुळे थांबण्याचे कौशल्य केवळ सूचनेने येत नाही. शांततेत वाढणारी अस्वस्थता स्वतःच्या शरीरात ओळखून, तिच्यासकट उभे राहता आले तरच ते येते. सजगतेचा अध्यापनाशी असलेला संबंध सिद्ध करण्यासाठी एकच उदाहरण निवडायचे झाले, तर हे निवडावे लागेल, कारण इथे शिक्षकाच्या एका श्वासाचा लाभ थेट मुलाच्या विचाराला मिळतो.

प्रवासाचाही उपयोग होतो, पण विचारपूर्वक. लोकलच्या डब्यात, विशेषतः दाराजवळ किंवा चढता-उतरताना, लक्ष आत वळवणे धोक्याचे आहे. तिथे सजगता म्हणजे पायांची पकड, हाताखालची दांडी, शेजारच्यांचा रेटा आणि येणारे स्थानक यांची पूर्ण जाणीव, आणि तीही सजगताच होय. जागा मिळाल्यावर किंवा आत सुरक्षित उभे राहिल्यावर दोन स्थानकांमधला वेळ मोबाइल न काढता श्वासाला, तळपायांच्या स्पर्शाला किंवा नुसत्या कानावर येणाऱ्या आवाजांना देता येतो. शाळेत पोहोचल्यावर वर्गाच्या उंबरठ्यावर क्षणभर थांबून, मागचा प्रवास आणि मागचा तास संपला आहे याची नोंद घेऊन आत जाणे, डब्यातले पहिले चार घास न बोलता, चव घेत खाणे, वह्या तपासताना प्रत्येक गठ्ठ्यानंतर खांदे आणि जबडा सैल आहेत का हे पाहणे, रात्री अंथरुणावर पाठ टेकताना पायांपासून डोक्यापर्यंत एकदा लक्ष फिरवणे, इतक्या लहान कृतींचा हा सराव आहे. त्यातले सर्व करण्याची आवश्यकता नाही. एखादी कृती रोजच्या ठरलेल्या घटनेला जोडलेली असली की ती टिकते, हा अनुभव या क्षेत्रातल्या प्रशिक्षकांमध्ये सार्वत्रिक आहे.

शिक्षकी पेशाला याची गरज इतर अनेक पेशांपेक्षा अधिक का, याचे उत्तर समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये मांडलेल्या भावनिक श्रम या संकल्पनेत मिळते. कामाचा भाग म्हणून स्वतःच्या भावना दाबणे किंवा नसलेल्या भावना चेहऱ्यावर आणणे, याला त्यांनी श्रम मानले. शिक्षिका घरातून चिंतेत निघाली असली तरी पहिलीच्या वर्गात तिला हसतच जावे लागते आणि वर्गातल्या एकाच मुलाने दहाव्यांदा खोडी काढली तरी संताप गिळावा लागतो. हे श्रम कोणाच्या हिशेबात येत नाहीत, पण साचत जातात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी कार्यदग्धतेची, म्हणजे कामाने आतून करपून जाण्याची, तीन लक्षणे सांगितली आहेत: भावनिक थकवा, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांविषयी आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही भले होत नाही अशी भावना. भावना दाबणे आणि भावना ओळखणे यांत फरक आहे. ओळखलेला राग मुलावर ओतावाही लागत नाही आणि गिळावाही लागत नाही.

या दाव्यांना संशोधनाचा आधार किती आहे, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. न्यूयॉर्क शहरातील 36 प्राथमिक शाळांमधील 224 शिक्षकांवर झालेल्या आणि पॅट्रिशिया जेनिंग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सजगतेवर आधारित प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांचा मानसिक त्रास कमी झाला, भावना सांभाळण्याची क्षमता सुधारली आणि सतत घाईत असल्याची भावना घटली. वर्गातील भावनिक आधारही वाढल्याचे निरीक्षकांना दिसले. घाईची भावना घटणे हा निष्कर्ष मुंबईकर वाचकाला विशेष बोलका वाटेल. टोरांटोच्या शिक्षणशास्त्र संस्थेत ज्योफ्री सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे शिक्षण नोकरीत असलेल्या शिक्षकांऐवजी प्रशिक्षणार्थींनाच ऐच्छिक विषय म्हणून दिले. विस्कॉन्सिन विद्यापीठात 2020 च्या सुमारास प्रशिक्षणार्थींच्या नियमित अभ्यासक्रमात सजगतेचा सराव गुंफून पाहण्यात आला, तेव्हा त्यांच्या वर्गाध्यापनात सुधारणा नोंदवली गेली.

याच्या जोडीला ब्रिटनमधील एका फार मोठ्या अभ्यासाचा निष्कर्षही ठेवावा लागतो. 80 हून अधिक शाळा आणि 8,000 हून अधिक विद्यार्थी सहभागी असलेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिरिअड या प्रयोगात, शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी 11 ते 14 वर्षांच्या मुलांना सजगता शिकवण्यात आली. पण मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिक्षणाच्या तुलनेत काही सुधारणा आढळली नाही आणि बहुसंख्य मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांच्या बाबतीत मात्र थकवा कमी झाल्याचे आणि शाळेचे वातावरण सुधारल्याचे दिसले, जरी हा परिणाम वर्षभरात बऱ्याच अंशी ओसरला. यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. मुलांना शांत करण्याचे साधन म्हणून सजगता शिकवण्याची घाई करण्याऐवजी ती आधी मोठ्यांच्या स्वतःच्या जगण्यासाठी शिकवावी, आणि एकदा शिकवून सोडून न देता सरावाला सोबत मिळत राहील अशी व्यवस्था ठेवावी. मित्र उपक्रमाने शिक्षकाला प्रथम साधक बनवण्याचा आग्रह धरला होता, तो या दृष्टीने दूरदृष्टीचा म्हटला पाहिजे. त्यात उणीव राहिली ती एवढीच की, ही तयारी नोकरी लागल्यानंतर, रजा काढून, करायची होती. ज्या वयात आणि ज्या वर्षांत शिक्षकाच्या वर्गातील सवयी घडत असतात, ती वर्षे प्रशिक्षणाची असतात. आनंददायी अभ्यासक्रमाचा तास उद्या ज्यांच्यावर येणार आहे तेही आज डी.एल.एड. आणि बी.एड.च्या वर्गांतच बसलेले आहेत.

या शिक्षणाच्या मर्यादा सांगणे हा त्याच्या बाजूने बोलण्याचाच भाग आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्यानामुळे काही साधकांना भीती, झोप उडणे किंवा जुन्या आघातांची तीव्र आठवण असे त्रास झाल्याचे नोंदवले आहे. म्हणून महाविद्यालयात घ्यायचा सराव छोटा असावा, डोळे उघडे ठेवण्याची आणि उठून जाण्याची मुभा सर्वांना असावी आणि गरजूला समुपदेशकाकडे पाठवण्याची सोय असावी. दुसरा मुद्दा श्रद्धेचा आहे. उपनगरांतील बी.एड.च्या एकाच वर्गात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, जैन आणि कोणताच धर्म न मानणारे छात्राध्यापक एकत्र शिकतात. राज्यघटनेचे अनुच्छेद 28 मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थांत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करण्यास मनाई करते. श्वास कोणत्याही एका धर्माचा नाही हे खरे, तरीही मंत्र, मूर्ती, घोषणा यांची भर टाळणे आणि सहभाग स्वेच्छेचा ठेवणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य ठरते.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. शिक्षकांचा ताण बऱ्याच अंशी त्यांच्या मनातून नव्हे, परिस्थितीतून येतो. विनाअनुदानित शाळांतील तुटपुंजा पगार, तासिका तत्त्वावरील नेमणुका, कायम होण्यापूर्वीची शिक्षणसेवकाची तीन वर्षे, भरती परीक्षांची प्रतीक्षा, मतदारयाद्यांसारखी अशैक्षणिक कामे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा यांवर श्वास पाहणे हा उपाय नाही. शिक्षणसेवकांचे मानधन 2023 मध्ये वाढवून प्राथमिकसाठी 16,000 आणि माध्यमिकसाठी 18,000 रुपये झाले, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षांच्या मागण्या होत्या. अमेरिकन अभ्यासक रोनाल्ड पर्सर यांनी 2019 च्या आपल्या पुस्तकात टीका केली आहे ती हीच, की संस्था आपली जबाबदारी झटकण्यासाठी कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवतात. ही टीका महाराष्ट्रातही लागू होऊ शकते, आणि ती लागू होऊ नये म्हणून सजगतेचे शिक्षण देणाऱ्यांनी शिक्षकांच्या न्याय्य मागण्यांकडे पाठ फिरवता कामा नये. स्वतःच्या थकव्याची नीट ओळख पटलेला शिक्षक तो कशातून येतो हेही अधिक नेमकेपणाने सांगू शकतो.

अभ्यासक्रमात जागा कुठे काढायची, हा प्रश्न वस्तुतः सुटलेला आहे. 2014 च्या राष्ट्रीय आराखड्याने बी.एड.मध्ये व्यावसायिक क्षमता वाढवणारे चार अभ्यास दिले, त्यांतला एक स्वतःला समजून घेण्याविषयीचा आहे आणि योगशिक्षणही अध्यापक शिक्षणात समाविष्ट झाले आहे. अडचण आहे ती अंमलबजावणीची. या विषयाचे गुण प्रकल्पवही आणि अहवाल यांवर दिले जात असल्याने छात्राध्यापकांचे लक्ष मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि छायाचित्रे यांकडे जाते, आणि योगाचा तास एका दिवसाच्या कार्यशाळेत किंवा 21 जूनच्या कार्यक्रमात आटोपला जातो. आठ-दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, त्याच गटाने, त्याच प्रशिक्षकाबरोबर बसणे आणि दरम्यान काय जमले, काय जमले नाही हे मोकळेपणाने बोलणे, याला गुण देऊ नयेत, फक्त उपस्थिती धरावी. गुण आले की अनुभव सजवून सांगितले जातात, आणि स्वतःशी प्रामाणिक राहण्याचा सराव तिथेच संपतो.

मार्गदर्शक प्राध्यापकांचाही यात वाटा हवा. पाठ निरीक्षणाला येणारे प्राध्यापक स्वतः दोन शाळांमधल्या प्रवासाने दमलेले, एका दिवसात अनेक पाठ पाहणारे असतात, आणि त्यांच्या निरीक्षणवहीतील शेरे छात्राध्यापक वर्षानुवर्षे विसरत नाहीत; शेरा लिहिण्यापूर्वी त्यांनीही एक श्वास घ्यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. गोराईच्या पॅगोडात भेट देणाऱ्यांना आनापानाची छोटी सत्रे उपलब्ध असतात, सांताक्रूझच्या योग संस्थेत शिक्षक-प्रशिक्षणाची जुनी परंपरा आहे, म्हणजे अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातील महाविद्यालयांना शिकवणारी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. पुन्हा आणण्याचा मसुदा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने 2025 मध्ये मांडला. अभ्यासक्रम आखडला की प्रथम कात्री लागते ती ज्यांची लेखी परीक्षा नाही अशा विषयांना, आणि नव्या रचनेची वेळापत्रके आखणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला तेव्हा ठरवावे लागेल की, आठवड्यातला तो एक तास ठेवायचा की टाचणवह्या पूर्ण करून घ्यायला द्यायचा.